कोनचा इंग्रजी एम.ए.

वल्लरी घरतने निनाद भोईरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पनवेलच्या त्या कॉलेजचा अख्खा दुसरा मजला जागच्या जागी थिजला, असं ती बरेच दिवस सांगायची. पंखे थांबले. वर्गाबाहेर शेंगदाणे खाणारी मुलं चावायची थांबली. घंटा द्यायला निघालेला शिपाई हात वर करून तसाच उभा राहिला. पंखे थांबले ते वीज गेली म्हणून, हे तिला मागाहून कळलं, पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

कॉरिडॉरच्या त्या टोकाकडून निनाद येत होता. ऑगस्ट महिना, म्हणजे पनवेलमध्ये खिशातला रुमालही पिळून घ्यावा लागतो असे दिवस. त्याच्या अंगात कोट होता आणि गळ्यात मफलर. मफलर कशाला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. इंग्रजी साहित्यात थंडी फार असते, एवढं सगळे ऐकून होते. काखेत उशीएवढं जाड पुस्तक होतं. ते पुस्तक कपाटाबाहेर फिरताना पाहून ग्रंथपाल खुर्चीतून अर्धा उठला म्हणतात.

"एम.ए. पार्ट वन, इंग्लिशचा वर्ग हाच ना?" वल्लरीने विचारलं.

निनादने तिच्याकडे पाहिलं नाही. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तो इतका वेळ विचार करत राहिला की तेवढ्यात वीज आली, पंखे फिरले, शिपायाने घंटा दिली. मग तो खोल आवाजात म्हणाला, "इट डिपेंड्स."

वर्ग तोच होता. वल्लरीने मात्र त्याच क्षणी ठरवून टाकलं की लग्न करायचं तर याच्याशी. एवढ्या साध्या प्रश्नाला एवढं गहन उत्तर देणारा पुरुष तिने उरणमध्ये पाहिला नव्हता. उरणचे पुरुष विचारलं त्याचं उत्तर देतात.

पुढे दोन वर्षांत तिच्या लक्षात आलं की निनादपाशी अशी तीनच वाक्यं आहेत. एक हे. दुसरं, "दॅट्स व्हेरी प्रॉब्लेमॅटिक." तिसरं, "येस अँड नो." या तीन वाक्यांवर त्याने बी.ए. काढलं होतं, वक्तृत्व मंडळाचं अध्यक्षपद भूषवलं होतं आणि कोन गावात 'परफेसर' ही पदवी मिळवली होती. वाक्यं तीनच असली तरी ती टाकायची वेळ त्याला अचूक कळायची. बाकीचा वेळ तो खिडकीबाहेर पाहायचा. प्रेमात पडलेल्या मुलीला खिडकीबाहेर पाहणारा माणूस विचारवंत वाटतो, आणि वल्लरी तर कोट-मफलरवरच घसरलेली होती.

निनाद इंग्रजीकडे वळला तो वडिलांच्या हौसेपायी. गणूशेठ भोईरांची कोनची जमीन गेली, बदल्यात इमारती आल्या, इमारतींत भाडेकरू आले, दारात दांडगी गाडी आली, गेटवर सिमेंटचे दोन सिंह बसले. आता घरात काय नाही असं बघता बघता त्यांच्या ध्यानात आलं की इंग्रजी नाही. ते मुलाने आणावं म्हणून त्याला पाठवलं, माणूस पिशवी देऊन बाजारात पाठवतो तसं.

वल्लरीच्या घरीही हिशेब तोच होता, फक्त सिंह नव्हते. तिचे वडील बाळू घरत बंदराकडच्या एका गोदामात वजनकाट्यावर होते. बारावीला तिला सगळ्यांत जास्त गुण इंग्रजीत पडले, कारण तिने संपादकाला लिहायचं पत्र तोंडपाठ केलं होतं. घरी समजूत अशी झाली की पोरीला इंग्रजीची उपजत देणगी आहे.

बाहेरच्या जगाला वाटतं, इंग्रजीत एम.ए. करणारी मुलं दोन वर्षं इंग्रजी पुस्तकं वाचतात. किती निरागस आहे बाहेरचं जग! पुस्तकं होती, नाही असं नाही. त्यांची नावं अभ्यासक्रमात छापलेली होती. वर्गातल्या सात जणांपैकी एकानेही त्यांतलं एकही पुस्तक उघडलं नाही, आणि जे एक जाड पुस्तक सगळीकडे हिंडताना दिसायचं ते निनादच्या काखेतून खाली उतरायचं नाही.

विभागप्रमुख वसुंधरा मॅडम. विभागात त्या एकट्याच असल्यामुळे प्रमुखपदासाठी चुरस झाली नव्हती. त्या इंग्रजीत लिहून द्यायच्या आणि मराठीत समजावून सांगायच्या. "म्हणजे काय, की त्याला तिच्याशी लग्न करायचंय, पण धड हो म्हणवत नाही आणि नाहीही म्हणवत नाही. आपल्याकडे नाही का असतात असे? लिहा, ॲम्बिव्हॅलन्स." मुलं लिहायची. अशा रीतीने युरोपातली चार शतकं नवीन पनवेलच्या एखाद्या लग्नघरातल्या रुसव्याफुगव्यांइतकी सोपी करून दिली जायची आणि दुपारच्या जेवणाआधी संपायची.

खरा गुरू होता हिरव्या कव्हरचं गाइड. परीक्षेआधी सातही जण कॉलेजसमोरच्या टपरीवर बसायचे, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर धरायचे आणि कोणते प्रश्न 'आयएमपी' ते ठरवायचे. उरलेलं ऑप्शनला. एके संध्याकाळी त्यांनी विसाव्या शतकातली कविता अख्खीच्या अख्खी ऑप्शनला टाकली. तिकडे माणसं महायुद्धात गेली, वेडी झाली, उपाशी राहिली आणि कविता लिहून मेली. इकडे कटिंग चहा संपायच्या आत ते सगळं रद्द झालं. दुसऱ्या वर्षी सिद्धान्ताचा पेपर होता. कशाचाच अर्थ धड लावता येत नाही, असं त्यात मोठ्या कष्टाने सिद्ध केलेलं होतं. तो मुलांना लगेच पटला. त्यांना पहिल्या वर्षापासून हाच अनुभव होता.

आयएमपी प्रश्नांतला शिरोमणी म्हणजे प्रश्न तिसरा. अभ्यासक्रमातल्या एका शोकांतिकेत एक सरदार असतो. त्याला भयंकर अहंकार असतो आणि त्यापायी तो शेवटी स्वतःचाच किल्ला पेटवून देतो. बायको, भाऊ, दोन घोडे आणि तो स्वतः, सगळे जळून मरतात. 'सरदाराच्या स्वभावातला घातक दोष' यावर गाइडात सात पानी उत्तर होतं. ते सातही जणांना असं पाठ होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी घोड्यांपर्यंत न अडखळता जातील.

निनाद-वल्लरीचं प्रेम मात्र उच्च इंग्रजीत चाललं होतं. म्हणजे मोबाइलवर. ती आपल्या मोबाइलला मराठीत सांगायची, "त्याला लिही, आज वर्गात तुझी आठवण आली." मोबाइल त्याचे चौदा ओळींचे इंग्रजी सुस्कारे करून द्यायचा. निनादला ते उलगडायचे नाहीत, म्हणून तो आपल्या मोबाइलला अर्थ विचारायचा आणि त्याच्याचकडून उत्तर लिहून घ्यायचा. दोन मोबाइल एकमेकांच्या गाढ प्रेमात पडले होते. मालक नुसती हमाली करत होते. प्रत्यक्ष भेटल्यावर वडाळे तलावाच्या काठावर बसून ती दोघं मराठीत बोलायची, आणि तेही बहुतेक वडापावाबद्दल.

दोघंही पहिल्या वर्गात पास झाली. मग पुढे काय, हा प्रश्न आला. तो इंग्रजी एम.ए.च्या अभ्यासक्रमात नसतो, त्यामुळे त्याचं उत्तर कोणाचंच पाठ नव्हतं. बरोबरीचा हृतिक गाद्यांच्या कंपनीसाठी घरी बसून 'ही गादी पाठीला कशी चांगली' असे लेख लिहायला लागला. स्नेहल बँकेच्या परीक्षेत बुडाली. अपूर्वने लाईन आळीत एका जिन्याखाली 'फाडफाड इंग्लिश' क्लास काढला. तिथे तो कोणाचं काय फाडायचा देव जाणे. निनाद प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला बसला, नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला आणि म्हणाला, "दॅट्स व्हेरी प्रॉब्लेमॅटिक." कोनमध्ये त्याचा मान मात्र तसूभरही कमी झाला नाही. परीक्षा नापास झाली, असंच तिथे मानलं गेलं.

मे महिन्यात भोईर मंडळी वल्लरीला बघायला उरणला आली. दोन्ही घरं एकाच समाजातली, पोरांची पसंती आधीच ठरलेली, तेव्हा पोहे खाऊन सुपारी फोडायची एवढाच कार्यक्रम होता. पण वल्लरीचे दादूकाका मध्ये बसले होते. बंदरावर मुकादम असलेला हा माणूस घरत घराण्याचं सर्वोच्च न्यायालय. इंग्रजीचं अक्षर त्याला येत नव्हतं, पण चांगलं इंग्रजी आपल्याला ओळखता येतं यावर तो ठाम होता. जितकं भरभर, तितकं चांगलं.

"काय रं परफेसर," दादूकाका पोह्यांचा घास सारत बोलला, "आमची पोरगी एम्मे, तू पन एम्मे. मराठी बोलाला सगलेच हाव. तुमी दोगं जरा इंग्लिशमदी बोला ना. आमी आयकतो."

"हां, व्हय व्हय," गणूशेठ फुलून म्हणाले. "बोल रे निनाद. आयकू दे यांना."

वल्लरी सरबताचा ट्रे घेऊन उंबऱ्यातच थांबली. निनादने सवयीने खिडकी शोधली, पण खिडकीला वल्लरीच्या मावश्या लागल्या होत्या. तो म्हणाला, "इट डिपेंड्स."

"ह्ये झाला," दादूकाका बोलला. "पुढं?"

निनादच्या कपाळावरून घामाची धार निघाली. मग त्याने डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि तोंडातून धबधबा सुटला. दुसऱ्या वाक्याला वल्लरीच्या अंगावर काटा आला. प्रश्न तिसरा! होणाऱ्या सासुरवाडीत मांडी घालून बसून तो सरदाराच्या स्वभावातला घातक दोष सांगत होता. पहिला परिच्छेद झोकात गेला. दुसऱ्याच्या शेवटी गाडी अडली. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. दादूकाकाची मान हळूच तिरकी झाली.

वल्लरीने ट्रे खाली ठेवला आणि तिसरा परिच्छेद उचलला.

मग काय विचारता! तो थांबला की ती, ती थांबली की तो. त्याने सरदाराचा अहंकार वर्णन केला, तिने मान डोलावून त्याची कारणं दिली. त्याने हात उडवून भावाशी भांडण लावलं, तिने पदर सावरून किल्ल्याला आग लावली. आग लावताना तिचा आवाज चढला तेव्हा गणूशेठ बाजूच्याला म्हणाले, "पोरगी जराशी तापट हाय." वल्लरीच्या आईने डोळ्याला पदर लावून विचारलं, "काय बोलतायत ती?" मावशी म्हणाली, "घराबद्दल बोलतायत. वेगलं र्‍हायाचा का एकत्र." बायको जळाली, भाऊ जळाला. दोन घोडे मेले तेव्हा उत्तर संपलं, आणि आता पुढे काय या भीतीने वल्लरीने मान खाली घातली. सगळ्या बायका म्हणाल्या, लाजली.

दादूकाका मांडीवर थाप मारून उठला. "एक शबुद अडला नाय! आमच्या बंदरावर परदेशी कप्तान येतान, त्यांना पन येवरा भरभर जमत नाय! पोरगा आपल्याला पसंत." आणि त्याच दमात त्याने गळ्याला फास लावला. "पन परफेसरी मिलल तवा मिलल. आमच्या सायबाला हापिसात इंग्लिश बोलनारा मानूस पायजे. मी घेऊन जातो याला. नोकरी लागली का दुसऱ्या दिवशी साकरपुडा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निनाद आणि वल्लरीने एकमेकांकडे पाहिलं.

मुलाखतीच्या दिवशी निनाद कोट घालून गेला. दादूकाका केबिनच्या काचेला कान लावून बाहेर उभा राहिला. संध्याकाळी काका घरी आला तो चपलाही न काढता ओटीवर बसला. वल्लरी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"लागली का नोकरी?" बाळूने विचारलं.

"नोकरी?" दादूकाका ओरडला. "आरं, पोलिसात दिला नाय ते नशीब समज! सायबाने पयला इचारला, तुझ्याबद्दल सांग. तर ह्यो खिडकीतून भायेर बगतो न् बोलतो, येस अँड नो. सायेब बिचारा सबुरीचा मानूस. मंग इचारला, तुझी कमजोरी काय हाय ती सांग."

वल्लरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. घातक दोष विचारला होता, दुसरं काय. आता निनादच्या तोंडून काय सुटलं असणार हे तिला कळून चुकलं.

"मंग ह्यो सुटला," दादूकाका पुढे बोलला. "आय, आय करत, भरभर, भरभर! मी भायेर खूश. बोललो, आता काय बगायला नको. तर सायेबाचा चेहरा पांढरा. मला आत बोलावला न् हिंदीत सांगतो, दादू, ये आदमी बोलता है के मेरेको घमंड बहुत है, घमंड में मैं आग लगाता है, सबको जलाता है, घोडे को भी नहीं छोडता! आपल्या गोदामात केमिकलची पिंपा हायत, आनि मी आग लावनारा मानूस नेला म्यानेजर कराला!"

वल्लरीने तांब्या खाली ठेवला.

"तवा माझ्या ध्यानात आला," दादूकाका थंड आवाजात म्हणाला. "याला इंग्लिश येतच नाय. पोपट हाय. उरनात येऊन आमच्या तोंडाला पानं पुसून गेला. येवरी शिकलेली आमची पोर, तिला ह्यो असला? उद्या सांगावा पाठव बाळू. मोडला लगीन."

वल्लरीच्या पुढ्यात आता दोन वाटा होत्या. गप्प राहिली असती तर ती घरातली एकमेव इंग्रजी जाणणारी, फसवली गेलेली, हुशार मुलगी ठरली असती. मावश्यांनी हळहळून तिला आणखी चांगलं स्थळ आणलं असतं. फक्त त्या स्थळात निनाद नसता. तो कोट, ते खिडकीबाहेर पाहणं, तलावाकाठचे वडापाव, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. माणूस किती क्षुल्लक गोष्टींसाठी शूर होतो!

"काका," ती म्हणाली, "मलाही येत नाही."

"काय येत नाय?"

"इंग्लिश. त्या दिवशी मी पण पाठ केलेलंच बोलले. ते आमच्या परीक्षेतलं उत्तर होतं. वर्गात कोणालाच येत नाही. आम्ही सगळे तसेच पास झालो."

आई भिंतीला टेकली. "मंग ते घराबद्दल बोलत व्हतीस ते?"

"ते घराबद्दल नव्हतं गं. किल्ल्याबद्दल होतं."

बाळू वजनकाट्यावरचा माणूस. सतरा वर्षं शिकलेल्या पोरीचं वजन एका वाक्यात एवढं कसं उतरलं, हे त्याला कळेना. दादूकाकाने मात्र तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं पोट हलायला लागलं. तो हसत होता. "म्हंजे दोगांना पन येत नाय?"

"नाही."

"आनि आमी येड्यासारक्या टाल्या पिटल्या?" तो डोळे पुसत म्हणाला. "आरं, मंग आडलाय कुटं? जोडी बरोबर जुलतेय की! बापाच्या इमारती हायत, नोकरी नसली तरी चालल. बाळू, गणूशेठला फोन लाव. जे खरा हाय ते सांगून टाक. लपवाछपवी नको, लगीन करतोय."

वल्लरी धावत आत गेली आणि देवापुढे दिवा लावला. तिकडे बाळूने गणूशेठला सगळं सांगितलं, अगदी सरळ, घरच्या माणसाला सांगावं तसं. गणूशेठ "हां, हां" करत राहिले आणि "पोराला इचारून सांगतो" म्हणाले. त्याच रात्री निनादचा फोन आला. पहिल्यांदाच त्याने मोबाइलला न विचारता फोन केला होता.

"वल्लरी, तू हे सांगायला नको होतंस."

"तुझ्यासाठी सांगितलं ना. नाहीतर मोडलंच होतं. आता काका तयार आहेत."

"ते ठीक आहे. पण आमच्या घरी सगळे अपसेट आहेत. बाबा म्हणतात, मुलगी शिकलेली वाटली होती."

"आणि तू काय म्हणतोस?"

निनादने बराच वेळ घेतला. पलीकडे खिडकी असावी. "हे बघ, उद्या आपल्याला मुलं झाली तर त्यांना घरात इंग्लिश कोण शिकवणार? मला बायको इंग्लिश येणारी हवी. तेवढी एकच अपेक्षा होती माझी."

"अरे, पण तुला तरी कुठे येतं?"

"माझी गोष्ट वेगळी आहे," निनाद दुखावल्या स्वरात म्हणाला. "माझा त्या दिवशी कॉन्फिडन्स गेला होता."

भोईरांकडून दुसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. निनादचं लग्न डिसेंबरात खारघरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीशी झालं, आणि ती त्याच्याशी हिंदीत बोलते. तो वडिलांच्या इमारतींची भाडी गोळा करतो. वल्लरी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवते. सुट्टीतले पैसे मिळत नाहीत.